रोज ठरावीक वेळी लांबचं स्टेशन गायब होतं? अँटेनाला हात लावण्याआधी ऊन कुठं आहे ते बघा

हौशी रेडिओवाल्यांची तक्रार साधारण अशी असते. २० मीटरच्या बँडवर (म्हणजे १४ मेगाहर्ट्झवर; मीटरचा आकडा जितका लहान तितकी फ्रिक्वेन्सी वर) सकाळपासून हजारो किलोमीटरवरची स्टेशनं खणखणीत येतात, दिवस कलला की एकेक करून बुडतात आणि रात्री त्याच फ्रिक्वेन्सीवर नुसती खरखर उरते. किंवा उलट. ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झ) रात्री जगभराचे आवाज, आणि भर दुपारी जवळपासची स्टेशनं सोडली तर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग माणूस अँटेनाची केबल म्हणजे कोअ‍ॅक्स बदलतो, बालन (केबल आणि अँटेना जोडणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) बदलतो, डायपोल (तारेची अँटेना) आणखी थोडा वर चढवतो, शेवटी रिग म्हणजे रेडिओ संच दुरुस्तीला देतो. रिग काही दिवसांनी जशीच्या तशी परत येते, कारण तिला काही झालेलंच नसतं.

बिघाड घड्याळ लावून येत-जात असेल तर पहिला संशय सूर्यावर घ्यायचा. एवढं बहुतेकांना माहीत असतं. चूक होते ती पुढच्या पायरीवर. आपण खिडकीबाहेर ऊन आहे की अंधार ते बघतो आणि त्यावरून बँड उघडा असेल की बंद ते ठरवतो. लहर मात्र आपल्या खिडकीपाशी वळत नाही. ती वळते शेकडो, कधी कधी दोन हजार किलोमीटर पुढे. निर्णय तिथल्या उन्हावर होतो.

बिघाड जमिनीवर की आकाशात?

हे आधी ठरवा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

बँड चालू असताना एसडब्ल्यूआर (अँटेनाकडे पाठवलेली किती पॉवर परत येते त्याचं माप) मोजून लिहून ठेवा, आणि बँड 'मेल्यावर' पुन्हा मोजा. आकडा तोच असेल तर अँटेना आणि फीडर (केबल) बहुधा जागेवर आहेत. मग अँटेनाचा कनेक्टर काढून नॉईज ऐका. कनेक्टर काढल्यावर खरखर स्पष्ट खाली गेली आणि लावल्यावर वर आली, तर रिसीव्हर ऐकतोय आणि वायर आकाशातून काहीतरी आणतेय. १० मीटरसारख्या वरच्या बँडवर शांत जागी हा फरक कमी असतो, तेव्हा तिथं एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

आता बँडवर एक चक्कर मारा. एकाच दिशेची स्टेशनं गेली आहेत आणि दुसरीकडची येताहेत, असं असेल तर कोअ‍ॅक्सचा विषय संपला. कोअ‍ॅक्सला दिशा कळत नाही.

याहून पक्की कसोटी म्हणजे आंतरराष्ट्रीय बीकन. जगभर पसरलेली १८ स्टेशनं १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झ या पाच फ्रिक्वेन्सींवर पाळीपाळीनं बोलतात. प्रत्येकाला एका फ्रिक्वेन्सीवर दहा सेकंद मिळतात, मग ते पुढच्या बँडवर सरकतं, आणि तीन मिनिटांत अठराही जणांची फेरी पूर्ण होते. या दहा सेकंदांत काय असतं ते नीट ऐका. आधी मोर्समध्ये कॉलसाइन, मग एकेका सेकंदाच्या चार लांब रेघा. कॉलसाइन आणि पहिली रेघ १०० वॅटवर, दुसरी १० वॅटवर, तिसरी १ वॅटवर आणि चौथी ०.१ वॅटवर. पहिल्या दोन रेघा ऐकू आल्या आणि तिसरी नॉईजमध्ये विरली, तर त्या वाटेवर १० वॅट पोचतात, एवढं नक्की झालं. तिसरीही आली तर बँड चांगलाच उघडा आहे आणि तुमची हाक कुणी घेत नसेल, तर कारण ट्रान्समीटरच्या बाजूला किंवा समोरच्याच्या नॉईजमध्ये शोधायचं. एखादं बीकन काही काळ बंदही असतं, त्यामुळे एकट्या बीकनच्या गप्प बसण्यावरून अनुमान काढू नये. त्या दिशेची दोन-तीन ऐकावीत.

आपला सिग्नल बाहेर पडतो का, हे बघायला एफटी-८ वर (संगणकावर चालणारा डिजिटल प्रकार) चार-पाच वेळा सीक्यू, म्हणजे सर्वांना उद्देशून हाक, द्या आणि कुणाकुणाला ऐकू गेलं ते इंटरनेटवरच्या रिपोर्टिंगच्या नकाशावर पाहा. पंधरा-पंधरा सेकंदांच्या या पाळ्या कानाला न लागणारे सिग्नलही उचलतात. नकाशावर एका बाजूला ठिपक्यांची गर्दी आणि दुसरी बाजू कोरी, असं चित्र दिसलं की शिडी परत ठेवून द्यायला हरकत नाही.

सूर्य दोन कामं करतो, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध

सूर्याची अतिनील आणि क्ष-किरणं वरच्या विरळ हवेतल्या अणू-रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. हेच आयनांबर. त्याचे थर आहेत आणि आपल्या तक्रारीशी संबंध येतो तो मुख्यतः दोघांचा.

वरचा एफ-२ थर साधारण २२० ते ४०० किलोमीटरवर. लांब पल्ल्याची एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ) लहर बहुतेक वेळा हाच थर वाकवून जमिनीकडे परत पाठवतो. एका उडीत जास्तीत जास्त ३,००० ते ४,००० किलोमीटर. तिथली हवा इतकी विरळ आहे की सुटा झालेला इलेक्ट्रॉन आयनाला भेटून पुन्हा बांधला जायला वेळ लागतो. म्हणून सूर्य मावळला तरी हा थर रात्रभर टिकतो, फक्त हळूहळू पातळ होत जातो आणि पहाटेच्या आधी सर्वांत अशक्त असतो.

खालचा डी थर साधारण ६० ते ९० किलोमीटरवर. हा लहर परत पाठवत नाही, खातो. लहर आली की इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलू लागतात, पण इथं हवा दाट असल्यामुळे ते शेजारच्या रेणूंवर आदळतात आणि लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. वाळूत चालताना जसा प्रत्येक पावलाला जोर वाया जातो, तसंच. फ्रिक्वेन्सी कमी तर इलेक्ट्रॉनचा झोका मोठा, टकरा जास्त, नुकसान जास्त. हे शोषण ढोबळमानानं फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर ४० डेसिबल जात असतील, तर त्याच वाटेवर १४ मेगाहर्ट्झवर १० च्या आसपास. सूर्य मावळला की हा थर बघता बघता विरतो, कारण दाट हवेत इलेक्ट्रॉन लगेच पकडले जातात.

म्हणजे ऊन वरचा आरसा घट्ट करतं आणि त्याच वेळी खालचा खादाड थरही वाढवतं. वरचे बँड दिवसा चालतात ते आरशामुळे. खालचे बँड रात्री चालतात ते खादाड थर नसल्यामुळे. तुमची तक्रार यांपैकी कोणत्या बाजूची, हे कळलं की उपाय आपोआप वेगळे होतात.

दिवसा ४० आणि ८० मीटर लांबवर जात नाहीत

हे डी थराचं काम. इथं पॉवर वाढवण्याचा मोह सगळ्यांना होतो. हिशोब करा. १०० वॅटचे ४०० केले तर मिळतात ६ डेसिबल, एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर) एक घर. दुपारी ८० मीटरच्या लांब वाटेवर डी थर खातो ते याच्या कितीतरी पट. त्या पैशांत दुसऱ्या बँडची वायर टाका.

उपाय म्हणजे फ्रिक्वेन्सी वर न्या, एफ-२ थर परवानगी देईल तितकी वर. दुपारी ४० वर जे होत नाही ते २० किंवा १७ मीटरवर सहज होतं. ४० वरच राहायचं असेल तर वेळ बदला. दोन्ही टोकांना अंधार असेल अशी वेळ, किंवा पुढे सांगितलेली संधिप्रकाशाची वेळ.

एक मात्र लक्षात असू द्या. ४० मीटर दिवसा 'मेलेला' नसतो. उभ्या दिशेनं वर गेलेली लहर डी थर कमीत कमी अंतरात पार करते, म्हणून तीन-चारशे किलोमीटरच्या आतल्या गप्पांना हा बँड दुपारीही चांगला. लांबची लहर तिरपी जाते, डी थरातून तिला बराच जास्त प्रवास करावा लागतो, आणि प्रत्येक उडीत दोनदा. एकदा वर जाताना, एकदा उतरताना.

याच बँडवर उलटी तक्रारही असते. दुपारी शेजारच्या शहरातलं स्टेशन पाच-नऊ (स्पष्ट आणि जोरात), रात्री तेच गायब, आणि हजारो किलोमीटरवरचं मात्र कानात ओरडतंय. इथं डी थराचा काही संबंध नाही. रात्री एफ-२ पातळ झाला, उभी आलेली ७ मेगाहर्ट्झची लहर त्याला वाकवता येईना, ती आरपार निघून गेली. तिरपी लहर अजून वळते म्हणून लांबचं येतं. जवळच्या नेटसाठी (ठरलेल्या सामूहिक गप्पांसाठी) रात्री ८० मीटरवर उतरा.

संध्याकाळी २०, १५, १० मीटर बुडतात

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. थर सरळ वर पाठवलेली जी कमाल फ्रिक्वेन्सी परत देतो तिला क्रांतिक फ्रिक्वेन्सी म्हणतात. तिरप्या लहरीला सवलत मिळते. ३,००० किलोमीटरच्या उडीसाठी ती मर्यादा क्रांतिक फ्रिक्वेन्सीच्या साधारण तिप्पट धरायची. हीच एमयूएफ, वापरता येण्याजोगी कमाल फ्रिक्वेन्सी. क्रांतिक आकडा ८ मेगाहर्ट्झ असेल तर एमयूएफ २४ च्या आसपास. तेव्हा १० मीटर (२८ मेगाहर्ट्झ) बंद. १५ मीटर (२१ मेगाहर्ट्झ) उघडा, पण एमयूएफ रोज थोडी वरखाली होते, म्हणून भरवशाचं काम तिच्या ८५ टक्क्यांवर करतात. इथं ते २० मेगाहर्ट्झच्या थोडं वर येतं, म्हणजे १५ मीटर काठावर आणि १७ मीटर (१८ मेगाहर्ट्झ) निर्धास्त. सूर्य मावळल्यावर क्रांतिक आकडा ५ वर उतरला तर एमयूएफ १५. आता १७ मीटरही गेला, २० मीटर अखेरच्या घटका मोजतोय.

हे बुडणं कानानं ओळखता येतं. एमयूएफ खाली येऊ लागली की आधी जवळची स्टेशनं जातात, कारण त्यांची लहर जास्त उभी असते. मधला मुका पट्टा रुंदावत जातो आणि सर्वांत लांबची स्टेशनं शेवटपर्यंत टिकतात. जाण्याआधी आवाज बऱ्याचदा काही क्षण जोरात येतो आणि थरथरू लागतो. अँटेनाचा बिघाड असा कधी वागत नाही. तो जवळचं आधी, लांबचं नंतर असा क्रम पाळत बसत नाही. वायर तुटली की सगळेच एकदम खाली जातात.

उपाय साधा आहे. १५ बुडाला की १७, मग २०, मग ३०, मग ४०. बँड 'मरत' नाही, गर्दी खाली सरकते आणि आपण वरच बसून राहतो. ३० मीटरकडे लोक फार दुर्लक्ष करतात. १०.१ मेगाहर्ट्झ दिवसाच्या शोषणाला फारसं भीत नाही आणि रात्रीच्या पातळ थरालाही बऱ्याचदा पेलतं. संध्याकाळच्या ठरलेल्या भेटीसाठी, मोर्स किंवा डिजिटल चालत असेल तर, माझी पहिली पसंती त्यालाच.

चुकीच्या ठिकाणचं ऊन

आता मूळ मुद्दा. ४,००० किलोमीटरपेक्षा लांबच्या वाटेसाठी जुनी, अजूनही उपयोगी पडणारी रीत अशी: दोन्ही टोकांपासून वाटेवर प्रत्येकी २,००० किलोमीटर आत जा आणि त्या दोन बिंदूंवर (हेच नियंत्रणबिंदू) एफ-२ ची अवस्था काय आहे ते पाहा. दोघांपैकी जो अशक्त तो संपूर्ण वाटेची एमयूएफ ठरवतो.

बर्लिन ते टोकियो घ्या. सपाट नकाशा पाहून वाट मध्य आशियातून जात असेल असं वाटतं. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. अंतर सुमारे ८,९०० किलोमीटर आणि मध्यबिंदू येतो मध्य सैबेरियात, ६४ अंश उत्तरेला. बर्लिनकडचा नियंत्रणबिंदू पडतो रशियाच्या उत्तरेला अर्खांगेल्स्कजवळ, टोकियोकडचा अमूर नदीच्या खोऱ्यात.

डिसेंबरातला दिवस, बर्लिनमध्ये दुपारचा एक, म्हणजे १२ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). बाहेर ऊन आहे, सौरडाग भरपूर आहेत, १० मीटरवर टोकियो ऐकू येत नाही. बर्लिनवाल्याला वाटतं, बीम (एका दिशेला रोखलेली अँटेना) फिरवणारा रोटेटर चुकीची दिशा दाखवतोय. पण अमूरच्या खोऱ्यात तेव्हा स्थानिक सूर्यवेळेनं रात्रीचे आठ वाजून गेलेले असतात, सूर्य मावळून चार तास झालेले असतात. त्या बिंदूवर आता २८ मेगाहर्ट्झ वाकवण्याची ताकद नाही. हाच माणूस सकाळी साडेआठला, म्हणजे ७:३० यूटीसीला बसला असता, तर अमूरवर मावळतीचं का होईना ऊन होतं, आणि अर्खांगेल्स्कवर सूर्य नुकता उगवत होता. ३०० किलोमीटर उंचीवरच्या थराला तर तो जमिनीच्या कितीतरी आधीपासून दिसत असतो. खिडकी तेव्हा होती.

जूनमध्ये हीच वाट वेगळी वागते. अर्खांगेल्स्कच्या अक्षांशावर सूर्य जेमतेम क्षितिजाखाली जातो. बर्लिनमध्ये रात्रीचे दहा वाजलेले, टोकियोत पहाटेचे पाच, म्हणजे २० यूटीसी. अमूरवर दिवस उजाडलेला असतो. २० मीटर तेव्हा छान चालू शकतो, जरी बर्लिनवाल्याच्या खिडकीबाहेर रात्र पडलेली असली तरी.

तुमच्या वाटेसाठी हेच करा. गोल घ्या किंवा तुमच्या ठिकाणाला केंद्र मानून काढलेला नकाशा, दोन बिंदू शोधा, तिथली सूर्यवेळ काढा. रेखांशाला १५ नं भागलं की यूटीसीपासूनचे तास मिळतात, पूर्वेला मिळवायचे, पश्चिमेला वजा करायचे. नोंदवही यूटीसीतच लिहा, नाहीतर हे गणित दरवेळी डोकं खातं.

संधिप्रकाशाची वेळ

पृथ्वीवर दिवस आणि रात्र जिथं मिळतात त्या पट्ट्याला हॅम मंडळी (हौशी रेडिओवाले) ग्रे लाइन म्हणतात. तिथं डी थर एकतर विरलेला असतो किंवा अजून तयार झालेला नसतो, पण वरचा एफ-२ अजून, किंवा आधीच, उन्हात असतो. ३०० किलोमीटर उंचीवरून सूर्य क्षितिजाखाली साधारण १७ अंश जाईपर्यंत दिसतो. विषुववृत्ताजवळ याचा अर्थ जमिनीवरच्या सूर्यास्तानंतर एक तास आणि वर काही मिनिटं. दोन्ही स्टेशनं या पट्ट्यावर असली की ४० आणि ८० मीटरवर अशी अंतरं गाठली जातात जी एरवी त्या बँडवर विचारूही नयेत. खिडकी काही मिनिटांची ते अर्ध्या-पाऊण तासाची.

न्यूझीलंड आणि इंग्लंड यांच्यातला पहिला दुतर्फा हौशी रेडिओ संपर्क १८ ऑक्टोबर १९२४ रोजी झाला. फ्रँक बेल न्यूझीलंडच्या शॅग व्हॅलीत, सेसिल गॉयडर लंडनच्या मिल हिल शाळेत. लंडनकडे पहाट, न्यूझीलंडकडे संध्याकाळ. पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असलेल्या दोन ठिकाणांना ही वेळ का मानवली असेल, हे आता वेगळं सांगायला नको.

तुमची तक्रार 'रोज फक्त वीस मिनिटं येतं आणि जातं' अशी असेल, आणि ती वीस मिनिटं दर आठवड्याला थोडी सरकत असतील, तर ती ग्रे लाइनच. दुरुस्त करण्यासारखं काही नाही. तुमचा आणि समोरच्याचा सूर्योदय-सूर्यास्त लिहून ठेवा आणि दहा मिनिटं आधी बसा.

ऋतूंची थोडी गुंतागुंत

उन्हाळ्यात ऊन जास्त म्हणून एफ-२ ही जास्त घट्ट, असं समजू नका. मध्य अक्षांशांवर हिवाळ्यातल्या दुपारी एफ-२ ची घनता उन्हाळ्यापेक्षा जास्त असते, कारण ऋतूनुसार वरच्या हवेतलं अणू-रेणूंचं प्रमाण बदलतं. उत्तर गोलार्धात १० मीटर ऑक्टोबर ते मार्च रंगतो आणि मे-जूनमध्ये लांबच्या वाटांवर मरगळतो तो यामुळे. उन्हाळ्यात त्याच बँडवर अचानक दीड-दोन हजार किलोमीटरची स्टेशनं धो-धो येऊ लागली, तर ते एफ-२ चं काम नसून सुमारे १०० किलोमीटरवर तयार होणाऱ्या तुरळक ई थराचं असतं. तो आला कधी, जाणार कधी, याचा घड्याळाशी फार सैल संबंध. मिळेल तेवढं घ्यावं.

चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपास राहणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. सूर्यास्तानंतर एफ थर फुटल्यासारखा होतो, त्यात बुडबुडे उठतात आणि सिग्नल जोरदार असूनही शब्द कळेनासे होतात, आवाज भराभर फडफडतो. मायक्रोफोन किंवा ऑडिओ गेनला दोष देऊ नका. मोर्सवर या, किंवा रात्र चढू द्या.

रोज नाही, पण पुन्हा पुन्हा

भर दुपारी, चालू गप्पांत, सगळा बँड एकदम शांत. स्टेशनं नाहीत, नेहमीची वातावरणीय खरखरही खाली गेलेली. रिसीव्हर मेला असंच वाटतं. ही सौरज्वाला असते. क्ष-किरणं आठ मिनिटांत पृथ्वीवर येतात आणि डी थर अचानक फुगवतात. ओळख अशी की फटका फक्त उन्हातल्या बाजूला बसतो, रात्रीच्या वाटा सुरळीत असतात, आणि सावरताना १० मीटर आधी परततो, ८० सर्वांत शेवटी. काही मिनिटं ते एक-दोन तास. ज्वालेच्या ताकदीवरून रेडिओला किती फटका बसेल त्याची प्रत लावतात: एम-१ ज्वालेला आर-१, त्याहून जोरदार एक्स-१ ला आर-३. चहा घेऊन या, काही उघडू नका. त्याच सौरडागांच्या समूहातून पुढचे काही दिवस पुन्हा असं होऊ शकतं.

दुसरा प्रकार दिवसेंदिवस रेंगाळतो. के-निर्देशांक (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती हलतंय ते सांगणारा आकडा) ५ किंवा वर गेला की भूचुंबकीय वादळ. मध्य अक्षांशांवर एफ-२ पातळ होतो, एमयूएफ कोसळते, ध्रुवांकडून जाणाऱ्या वाटा आधी बंद पडतात आणि उत्तर-दक्षिण वाटा त्या मानानं तग धरतात. १० मे २०२४ ला वादळ जी-५ या सर्वांत वरच्या पायरीवर गेलं होतं, ऑक्टोबर २००३ नंतर प्रथमच. तेव्हा सौरप्रवाहाचा आकडा चांगला होता, म्हणून बँडही चांगला असणार अशा समजुतीत अनेकजण रिग तपासत बसले असतील तर नवल नाही. १०.७ सेंटिमीटरवर मोजला जाणारा हा सौरप्रवाह आरशात किती माल आहे ते सांगतो. आरसा हलतोय का, हे सांगतो के-निर्देशांक. दोन्ही बघायचे.

आणि तुमच्या वहीत वाईट दिवस साधारण २७ दिवसांनी परतत असतील तर सूर्य स्वतःभोवती फिरून तेच प्रभामंडळातलं विवर (जिथून सौरवारा जोरात सुटतो ती जागा) पुन्हा आपल्यासमोर आणतोय. हे सापडल्यावर पुढच्या महिन्याचे वाईट दिवस कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवता येतात.

सर्वांत लांब आवर्तन अकरा वर्षांचं. २५ वं सौरचक्र डिसेंबर २०१९ च्या नीचांकापासून मोजतात आणि त्याचा उच्चांक २०२४ च्या उत्तरार्धात येऊन गेला. त्या काळात लायसन्स मिळालेल्यांना १० मीटर रोज उघडणं हीच सामान्य स्थिती वाटते. चक्र उतरत जाईल तसा तो बँड अधिकाधिक दिवस बंद राहील. तेव्हाही अँटेना तीच असेल.

घड्याळ पाळणारे, पण घरचेच बिघाड

सगळं आकाशावर ढकलायचं नाही. उन्हाशी नातं असलेले काही बिघाड आपल्या छपरावरही असतात.

कोरडा झालेला सोल्डर किंवा गंजलेला लग उन्हानं तापून प्रसरण पावला की जोड सुटतो, आणि संध्याकाळी थंड होऊन पुन्हा जुळतो. हा दोष दुपारी २० मीटरही घालवतो, जो तेव्हा उघडा असायला हवा. एसडब्ल्यूआर उडी मारतो, आणि वायर हलवली की मीटर नाचतो. पहाटे त्रास आणि ऊन पडलं की बरं, असं असेल तर कनेक्टरमध्ये दव शिरतंय. सील उघडा, शिल्ड (केबलची बाहेरची जाळी) काळी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर बसवा. पुसून भागत नाही.

नॉईजलाही वेळापत्रक असतं. सौर पॅनलचे इन्व्हर्टर आणि ऑप्टिमायझर सूर्याबरोबर उठतात, ढग आला की खरखर बदलते. एलईडी दिवे आणि चार्जर संध्याकाळी सुरू होतात. यात तुम्ही समोरच्याला ऐकू जाता, तुम्हाला तो ऐकू येत नाही. एफटी-८ चा नकाशा भरलेला आणि कान रिकामे, ही त्याची खूण. रिग बॅटरीवर लावा, घराचा मेन स्विच बंद करा. नॉईज पडला तर उगम घरात आहे, एकेक सर्किट चालू करत पकडा. पडला नाही तर छोटा रेडिओ हातात घेऊन बाहेर फिरा.

ठरलेली भेट वाचवायची असेल तर

समोरच्याशी एकच फ्रिक्वेन्सी आणि एकच वेळ वर्षभरासाठी ठरवू नका, ती दोन-तीन महिन्यांत हटकून मोडते. तीन बँड ठरवा. एमयूएफच्या थोडा खालचा मुख्य, त्याच्या खालचा राखीव, आणि वादळाच्या दिवसासाठी आणखी खालचा. पहिल्यावर पाच मिनिटं हाक, ऐकू आलं नाही तर दुसऱ्यावर पाच, मग तिसऱ्यावर. दोघांनी क्रम तोच ठेवायचा, आणि एकजण बँड सोडताना दुसरा तिथंच थांबलाय असं होऊ नये म्हणून घड्याळं यूटीसीशी जुळवून घ्यायची. महिन्यातून एकदा दोन्ही नियंत्रणबिंदूंची सूर्यवेळ पुन्हा काढा आणि वेळ अर्धा-पाऊण तास सरकवा. इतकं करूनही तीनही बँडवर शुकशुकाट असेल, बीकन येत असतील, के-निर्देशांक २ असेल, तर मात्र आता शिडी काढा.